संघटनकार्य आणि सरकारी अनुदान : आयर्लंडमधील कृषि-संघटन-संस्थेचा अनुभव (१८९४-१९२४)

१

ग्रामीण सहकाराच्या इतिहासात सहकारी संस्थांच्या भांडवलाविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या संस्था उभ्या करण्याचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. वस्तुतः क्रमाने हा प्रश्न आधीचा आहे. गावात पतपेढी किंवा दुग्धसंस्था निघण्यापूर्वी कोणाला तरी त्या गावी जावे लागते, सभा भरवाव्या लागतात, पोटनियमांचा मसुदा करावा लागतो, हिशेब ठेवण्याची रीत शिकवावी लागते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत संस्था डळमळली तर तिला सावरावे लागते. हे काम करणाऱ्याला वेतन व प्रवासखर्च द्यावाच लागतो. परंतु ज्यांच्यासाठी हे काम करावयाचे, त्यांची संस्था अद्याप जन्मासही आलेली नसते. तेव्हा तिच्याकडून खर्च वसूल करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे संस्था स्थिरावते आणि तिला वर्गणी देणे परवडू लागते. पण तोवर तिची स्वतःची गरज ओसरलेली असते, आणि शेजारच्या गावात दुसरी संस्था निघावी म्हणून आपण पैसे का द्यावेत, असे तिच्या सभासदांना वाटू लागते.

या पेचातून सुटण्याचे मार्ग मोजकेच आहेत. संपन्न हितचिंतकांच्या देणग्यांवर काम चालविणे हा एक. सरकारने आपल्या खात्यामार्फत संघटकांचे काम स्वतःच अंगावर घेणे हा दुसरा. हिंदुस्थानात १९०४ च्या कायद्याने निबंधकाचे पद निर्माण करून मुख्यतः हाच मार्ग पत्करला. नफ्याचा हेतू नसलेल्या एखाद्या खाजगी संस्थेकडे हे काम सोपवून सरकारने तिला अनुदान द्यावे, हा तिसरा. या तिसऱ्या मार्गाची पारख आयर्लंडमध्ये जितकी कसून झाली तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल. ‘आयरिश ॲग्रिकल्चरल ऑर्गनायझेशन सोसायटी’ ही ती संस्था. तिला अनुदान मिळाले, ते काढून घेण्यात आले आणि काही वर्षांनी वेगळ्या अटींवर पुन्हा मिळाले. या तिन्ही अवस्थांतून एक गोष्ट स्पष्ट होते : अशा संस्थेचे भवितव्य अनुदानाच्या रकमेपेक्षा, ते मागण्याचा मार्ग कोणाच्या दारावरून जातो आणि अनुदान नसताना उभे राहण्याचे बळ संस्थेत कितपत आहे, या दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश शेतकऱ्याची स्थिती मोठी विचित्र होती. जमीनदारांकडून कुळांकडे जमीन जाण्याची प्रक्रिया सुरू झालेली होती व १९०३ च्या विंडम कायद्याने तिला मोठी गती मिळाली. पण जमीन हाती आली तरी बाजार हातचा जात होता. साय वेगळी काढणाऱ्या केंद्रोत्सारी यंत्राचा प्रसार १८७८ नंतर झाला आणि घरोघरी घुसळून काढलेल्या लोण्याचे दिवस भरले. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ पासून सहकारी दुग्धालये काढून एकसारख्या प्रतीचे लोणी ब्रिटिश बाजारात आणले. त्यापुढे आयरिश लोण्याचा टिकाव लागेना. आयर्लंडमध्येही नवी यंत्रे आली, पण ती पुष्कळशी खाजगी मालकांची होती. दूध घालणारा शेतकरी तेथे केवळ कच्चा माल पुरविणारा राहिला. शिवाय पश्चिमेकडील गावांत दुकानदार हाच सावकार असे. बियाणे, खत, पीठ व चहा तो उधारीवर देई, आणि उधारी फिटत नाही तोवर भाव ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडेच राही. दख्खनच्या खेड्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

अशा वेळी, १८८९ मध्ये, होरेस प्लंकेट (१८५४-१९३२) हे अमेरिकेतील वायोमिंग येथील गुरांचा व्यवसाय आटोपून मायदेशी परतले. ते सरदार घराण्यातील, प्रॉटेस्टंट व राजकारणात युनियनवादी होते. कॅथॉलिक व राष्ट्रवादी शेतकऱ्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहावे, हे स्वाभाविकच होते. त्याच वर्षी लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलघर येथे पहिले सहकारी दुग्धालय निघाले खरे. परंतु प्लंकेट यांच्या स्वतःच्या खटपटीतून एक तरी संस्था उभी राहण्यापूर्वी त्यांना पन्नास सभांना हजर राहावे लागले, अशी नोंद त्यांनी आपल्या ‘आयर्लंड इन द न्यू सेंच्युरी’ (१९०४) या ग्रंथात केली आहे. त्यांचे सहकारी आर. ए. अँडरसन यांनी रॅथकील गावचा जो प्रसंग सांगितला, तो त्या काळच्या वातावरणाचा द्योतक आहे. सभेत स्थानिक वकिलाने उठून बजावले, की या गावचे लोणी निघेल तर राष्ट्रीय तत्त्वांवरच निघेल, एरवी निघणारच नाही; आणि सभा तेथेच संपली.

पन्नास सभांचा आकडा येथे केवळ चिकाटीचे उदाहरण म्हणून दिलेला नाही. संघटनकार्याचा खर्च म्हणजे काय, याचे ते माप आहे. प्रत्येक सभेमागे प्रवास, पत्रव्यवहार व माणसाचे श्रम होते, आणि त्यांपैकी बहुसंख्य सभांचे फळ शून्य होते. कोणताही व्यापारी असा खर्च करणार नाही, कारण यश आले तरी लाभ त्याचा नसतो. हा भार प्रारंभी प्लंकेट व त्यांचे मित्र यांनी सोसला. १८९४ पर्यंत तीसहून अधिक संस्था निघाल्या, तेव्हा व्यक्तींच्या खिशावर हे काम चालणे अशक्य झाले. म्हणून १८ एप्रिल १८९४ रोजी डब्लिन येथे संघटन-संस्थेची स्थापना झाली. प्लंकेट अध्यक्ष झाले, जेझुइट धर्मगुरू फादर टॉमस फिन्ले उपाध्यक्ष झाले, व अँडरसन चिटणीस झाले. पुढील वर्षी ‘आयरिश होमस्टेड’ हे साप्ताहिक निघाले. १८९७ मध्ये कवी जॉर्ज रसेल, ज्यांना वाचक ‘ए. ई.’ या नावाने ओळखतात, पतपेढ्यांचे संघटक म्हणून रुजू झाले व सायकलवरून पश्चिमेची खेडी हिंडू लागले.

ही संस्था स्वतः कसलाही व्यापार करीत नसे. पोटनियम तयार करणे, हिशेब तपासणे, तंटे मिटविणे व सल्ला देणे एवढेच तिचे कार्य. तिचे उत्पन्न दोन वाटांनी येई : संलग्न संस्थांची वर्गणी आणि हितचिंतकांच्या देणग्या. यांपैकी पहिली वाट अखेरपर्यंत अरुंदच राहिली.

३

प्लंकेट यांच्या विचारसरणीत सरकारचे व संस्थेचे क्षेत्र निराळे होते. उत्तम शेती, उत्तम व्यवहार व उत्तम जीवन हे त्यांचे त्रिसूत्र प्रसिद्धच आहे. त्यांपैकी शेतीचे शास्त्र शिकविणे हे सरकारचे काम. व्यवहारासाठी एकत्र येणे हे शेतकऱ्यांचे स्वतःचे काम. आणि या दोहोंतून जीवन सुधारावयाचे. १८९५ मध्ये त्यांनी निरनिराळ्या पक्षांच्या प्रतिनिधींची जी समिती जमविली, तिच्या १८९६ च्या अहवालाचे फलित म्हणून १८९९ चा कायदा झाला व पुढील वर्षी आयर्लंडसाठी शेतकी व तांत्रिक शिक्षण खाते अस्तित्वात आले. प्लंकेट स्वतः त्या खात्याचे उपाध्यक्ष, म्हणजे प्रत्यक्षात प्रमुख झाले. त्यासाठी त्यांनी संघटन-संस्थेचे अध्यक्षपद सोडले.

कागदावर रेखलेली सीमा व्यवहारात मात्र पुसट होत गेली. खताची पारख कशी करावी हे सांगणारा शिक्षक खात्याचा. पण ते खत एकत्र खरेदी करण्यासाठी मंडळी काढा, असे सांगणारा संघटक संस्थेचा. दोघे एकाच शेतकऱ्याशी बोलणार होते. संघटनाविना शिक्षण वाया जाते, ही खात्याची धारणा होती आणि त्या आधारावर खाते संस्थेला तिच्या कामासाठी पैसे देऊ लागले. संस्थांची संख्या झपाट्याने वाढली व १९१४ च्या सुमारास ती हजाराच्या घरात गेली.

या व्यवस्थेतील दोष तिच्या यशात दडलेला होता. अनुदान देणारा आणि घेणारा यांच्यामागे लोकांना एकच व्यक्ती दिसत होती. प्लंकेट खात्यावर आहेत तोवर अनुदान निश्चित, असे जर होते, तर प्लंकेट गेल्यावर ते अनिश्चित होणे क्रमप्राप्तच होते. अनुदानाला स्वतंत्र विधिनियमाचा आधार नव्हता. खातेप्रमुखाच्या सद्भावाचा होता. आणि १९०० मध्येच संसदेतील आपली जागा गमावलेल्या प्लंकेट यांचे पदही भक्कम नव्हते. त्यांच्या १९०४ च्या ग्रंथातील कॅथॉलिक धर्मसंस्थेविषयीच्या परिच्छेदांनी अनेक मित्र दुरावले. १९०७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

४

नवे उपाध्यक्ष टी. डब्ल्यू. रसेल यांचे कवी रसेल यांच्याशी आडनावाखेरीज काहीच साम्य नव्हते. संघटन-संस्थेचे अनुदान हळूहळू कमी करून काही वर्षांत संपवावे, असे त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच ठरले. दरम्यान १९०८ च्या प्रारंभी चळवळीचे हितचिंतक टी. डब्ल्यू. रोल्स्टन यांचे एक खाजगी पत्र प्रसिद्ध झाले. सहकारी चळवळ राष्ट्रीय पक्षाच्या मुळावर येणारी आहे, असा त्याचा अर्थ पक्षनेत्यांनी लावला. त्या वादळात ठरलेली मुदतही पाळली गेली नाही; १९०८ सालानंतर अनुदान बंद झाले.

या प्रकरणाकडे केवळ व्यक्तिद्वेष म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. अनुदानाच्या विरोधकांची बाजू काही अगदीच लंगडी नव्हती. गावोगावचे दुकानदार विचारीत, की आम्ही जो कर भरतो, त्यातूनच आमचे प्रतिस्पर्धी उभे करण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला? राष्ट्रीय पक्षाच्या स्थानिक शाखांत या दुकानदारांचे वजन मोठे होते, हे खरे. पण प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मिळत नाही. दुसरा आक्षेप असा, की सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या खाजगी मंडळाला जनतेने निवडलेले नाही. मग ते उत्तरदायी कोणाला? प्लंकेट यांचे म्हणणे असे, की संस्था कोणालाही दुकान काढून देत नाही. ती शेतकऱ्याला शेतीचा व्यवहार शिकविते, आणि शिक्षणावर सरकारने खर्च करणे सर्वमान्य आहे. शिक्षण व स्पर्धा यांच्यामधील ही रेषा कोठे ओढावी, हाच वादाचा खरा मुद्दा होता.

अनुदान तुटल्यावरची पाच वर्षे संस्थेच्या इतिहासात कसोटीची ठरली. हितचिंतकांनी वर्गणी जमवून प्लंकेट यांना डब्लिनमधील मेरियन चौकातील ८४ क्रमांकाची वास्तू भेट दिली. ‘प्लंकेट हाउस’ या नावाने ती चळवळीचे केंद्र बनली. प्लंकेट पुन्हा अध्यक्ष झाले. ‘होमस्टेड’मधून जॉर्ज रसेल यांनी संलग्न संस्थांना वारंवार विचारले, की ज्या मध्यवर्ती मंडळाने तुम्हाला उभे केले, त्याला पोसण्याची जबाबदारी तुमची नाही काय? प्रतिसाद संमिश्र होता. अनेक दुग्धालये भरभराटीत असूनही हात आखडता घेत होती. पहिल्या परिच्छेदांत वर्णिलेला पेच येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. तरीही संस्था बंद पडली नाही. तिला आपले साप्ताहिक होते, आपले संघटक होते, आणि सरकारच्या मर्जीबाहेर उभे राहण्याची सवय तिला नाइलाजाने लागली.

५

मार्ग निघाला तो वेस्टमिन्स्टरमधून. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना १९०९ मध्ये विकास व रस्ते-सुधारणा निधीचा कायदा झाला. नफ्यासाठी व्यापार न करणाऱ्या मंडळांना अथवा कंपन्यांना अनुदान किंवा कर्ज देता येईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आणि अनुदानयोग्य कार्यांच्या यादीत सहकाराचे संघटन नमूद केलेले होते. खातेप्रमुखाच्या सद्भावाऐवजी विधिनियमाचा आधार मिळाला, हा या कायद्याचा विशेष. अर्जांची छाननी करण्यासाठी एक स्वतंत्र विकास आयोग नेमण्यात आला. समाजवादी विचारवंत सिडनी वेब व कृषिशास्त्रज्ञ ए. डी. हॉल हे त्याच्या सभासदांत होते. आयोगाची शिफारस असल्याखेरीज ट्रेझरीला पैसे देता येत नसत.

परंतु या कायद्यातही एक अडसर होता. खाजगी मंडळाने केलेला अर्ज ट्रेझरीने संबंधित सरकारी खात्याकडे अभिप्रायासाठी पाठविला पाहिजे, असा नियम होता. म्हणजे आयरिश संघटन-संस्थेचा अर्ज टी. डब्ल्यू. रसेल यांच्याच मेजावर जाणार! १९११ मध्ये अर्ज गेला तेव्हा तसेच घडले. खात्याने विरोध केला व वादग्रस्त नसलेले सहकारी संघटन आपण स्वतःच करू, अशी भूमिका घेतली. वादग्रस्त नसलेले म्हणजे ज्याने कोणाही व्यापाऱ्याचे नुकसान होत नाही असे. अशा सहकारात शेतकऱ्याचा लाभ तो काय उरतो, असा प्रतिप्रश्न चळवळीने केला. आयोगाने संस्थेच्या बाजूने कौल दिला व प्रदीर्घ वादानंतर १९१३ मध्ये अनुदान मंजूर झाले.

मंजुरीबरोबर अटी आल्या. संस्थेने राजकारणापासून अलिप्त राहावे, हा निर्बंध तिला नवा नव्हता. खरी बोचणारी अट निराळी होती : अनुदानाचा पैसा केवळ शेतीविषयक संघटनासाठीच वापरावा. म्हणजे दुग्धालय, खत-बियाणे खरेदी व पतपेढी चालेल. परंतु चहा, साखर व कापड विकणारे गावचे सहकारी भांडार या पैशातून काढता येणार नाही. दुकानदारांनी जे १९०७ मध्ये मागितले, त्यातील सारभूत भाग त्यांना अशा रीतीने १९१३ मध्ये मिळाला. ज्या गरीब पश्चिम भागात उधारीचे जाळे सर्वांत घट्ट होते, तेथेच भांडारांची गरज अधिक होती. तेव्हा अनुदानाने चळवळीचा विस्तार केला, तसा तिचा आकारही ठरविला, असा निष्कर्ष काढावा लागतो. हा बदल कोणी सक्तीने केला नाही. ज्या कामासाठी पैसा होता ते काम वाढले आणि ज्यासाठी नव्हता ते मागे पडले.

६

याच निधीतून इंग्लंडच्या भगिनीसंस्थेलाही अनुदान मिळाले. ‘ॲग्रिकल्चरल ऑर्गनायझेशन सोसायटी’ ही संस्था आयरिश धर्तीवर १९०१ मध्ये निघाली होती. १९०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये तशीच संस्था स्थापन झाली. इंग्लिश संस्थेला संघर्ष करावा लागला नाही. १९०८ च्या लहान शेतधारणांच्या कायद्यानेच अशा संस्थेला अनुदान देण्याची मुभा दिली होती. विकास आयोगाच्या अनुदानासाठी १९१२ मध्ये तिच्या नियामक मंडळाची पुनर्रचना होऊन त्यावर सरकारनियुक्त सभासद आले. पहिल्या महायुद्धात अन्नोत्पादनाचा प्रश्न तीव्र झाल्यावर तिचा व्याप पुष्कळ वाढला.

युद्धोत्तर काळात हे चित्र पालटले. १९२१ मध्ये धान्याच्या किमतींना असलेला आधार सरकारने काढून घेतला, शेतमालाचे भाव कोसळले आणि १९१८ मध्ये सुरू झालेली मध्यवर्ती घाऊक कृषिसंस्था १९२४ मध्ये बुडाली. खर्चकपातीच्या त्या काळात संघटन-संस्थेचे अनुदानही थांबले व तीही १९२४ मध्येच विसर्जित झाली. तिच्या कामाचा काही भाग शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघाकडे गेला.

आयर्लंडमध्ये याच वर्षांत परिस्थिती कितीतरी बिकट होती. १९२०-२१ च्या संघर्षात सरकारी सैनिकांनी अनेक सहकारी दुग्धालये जाळली. १९२३ च्या जानेवारीत यादवी युद्धात प्लंकेट यांचे घर भस्मसात झाले व त्यांनी देश सोडला. फाळणीमुळे उत्तरेत १९२२ मध्ये वेगळी संघटन-संस्था काढावी लागली. तरीही मूळ संस्था टिकली. नव्या राज्याच्या सरकारनेही तिला अनुदान दिले, आणि १९७९ मध्ये नाव किंचित बदलून ती पुढे चालू राहिली.

या दोन संस्थांच्या भिन्न गतीचे कारण केवळ अनुदानात शोधणे चूक होईल. आयर्लंड हा लहान भूधारकांचा व दुग्धव्यवसायाचा देश. तेथे सहकारी दुग्धालय ही शेतकऱ्याची रोजची गरज होती. इंग्लंडमध्ये मोठी कुळे व खाजगी व्यापाराची सुस्थिर साखळी होती. तथापि एक भेद नजरेआड करता येत नाही. आयरिश संस्थेचे मन व मित्रपरिवार अनुदानापूर्वी घडला होता आणि अनुदानाविना पाच वर्षे तगला होता. इंग्लिश संस्थेचा विस्तार अनुदानाबरोबर झाला आणि त्याच्याबरोबरच संपला.

७

महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व उघड आहे. मुंबई इलाख्यात निबंधकाचे खाते हेच प्रथम संस्थांचे जनक, शिक्षक व तपासनीस होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी इन्स्टिट्यूटने शिक्षण व प्रचार यांची जबाबदारी उचलली. लल्लूभाई सामळदास, गोपाळ कृष्ण देवधर, वैकुंठभाई मेहता यांच्यासारखी बिनसरकारी माणसे या क्षेत्रात वावरत होती आणि तिला सरकारी अनुदानही मिळत असे. म्हणजे आयर्लंडमधील तिसरा मार्ग येथे दुसऱ्या मार्गाला जोडून घेण्यात आला. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आढळला. १९५४ च्या अहवालाने राज्याच्या भागीदारीचा पुरस्कार केला, तेव्हा चर्चेचा रोख अनुदानाकडून भागभांडवलाकडे वळला. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ६८ व्या कलमाने प्रत्येक संस्थेने राज्य संघीय संस्थेच्या शिक्षणनिधीला दरवर्षी अंशदान द्यावे, अशी तरतूद केली.

ही तरतूद आयरिश पेचावरील एक निराळे उत्तर होते. जी वर्गणी जॉर्ज रसेल लेखामागून लेख लिहून मागत राहिले, ती येथे कायद्याने ठरवून दिली. त्यामुळे मध्यवर्ती संस्थेला खातेप्रमुखाची मनधरणी करण्याचे कारण राहिले नाही. परंतु सभासद-संस्थांची मनधरणी करण्याचेही कारण राहिले नाही, आणि ही हानी लहान नव्हे. आपले काम वर्गणीच्या मोलाचे आहे, हे पटवून देण्याचे ओझे ज्या संस्थेवर नसते, तिच्या कामाची कसोटी दुसऱ्या कोणीतरी घ्यावी लागते. आणि ते काम बहुधा पुन्हा सरकारी खात्याकडेच जाते.

म्हणून अनुदान चांगले की वाईट, या स्वरूपात प्रश्न विचारल्यास इतिहासातून उत्तर मिळत नाही. संघटनाचा प्रारंभीचा खर्च कोणीतरी बाहेरून सोसावाच लागतो, एवढे आयर्लंडच्या पन्नास सभांनी सिद्ध केले आहे. पुढील प्रश्न तपशिलाचे आहेत. अनुदानाचा अधिकार विधिनियमात आहे की एका अधिकाऱ्याच्या मनात? अर्जावर अभिप्राय देणारा त्या कामाचा प्रतिस्पर्धी तर नाही? अटींमुळे कोणते काम मागे पडले, आणि ते न झाल्याने गावातील कोणाचा फायदा झाला? अनुदान उद्या थांबले तर संस्थेचे किती महिने निभतील? महाराष्ट्रातील सहकारी संघटनेच्या मंडळांचे वार्षिक अहवाल या चार प्रश्नांच्या अनुरोधाने वाचल्यास, म्हणजे वर्गणी, देणगी व अनुदान यांचे वर्षावर्षांचे प्रमाण आणि प्रत्येक अनुदानाच्या अटी शेजारी शेजारी मांडून पाहिल्यास, संस्थांच्या संख्येवरून जो इतिहास दिसतो त्याहून वेगळा इतिहास हाती येण्याचा संभव आहे.